आडवे शब्द, उभे शब्द

'गावाची हद्द. दोन अक्षरं.'

शब्दकोडी सोडवणाऱ्यांना हे शोधसूत्र परकं नाही. वर्षातून एक-दोनदा ते कुठल्या ना कुठल्या कोड्यात भेटतंच. उत्तर आहे 'शीव'. मी राहते त्या भागाचं नावही तेच. बोलताना आम्ही सगळे सायन म्हणतो, मराठीत लिहिताना शीव लिहितो, आणि त्या नावात काही अर्थ आहे हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. मुंबई बेटाची शीव इथे संपायची. खाडीपलीकडे साष्टी. अलीकडे इंग्रज, पलीकडे पोर्तुगीज. ही हद्द राखण्यासाठीच टेकडीवरचा शीवचा किल्ला बांधला गेला, १६६९ ते १६७७ या काळात, जेरार्ड ऑन्जियर मुंबईचा गव्हर्नर असताना.

आता गंमत बघा. सूत्रातला 'हद्द' हा शब्द अरबी. उत्तरातला 'शीव' संस्कृत 'सीमा'च्या कुळातला. सोडवणारा मराठी माणूस एका भाषेच्या अंगणातून दुसरीच्या अंगणात जाऊन येतो आणि त्याला उंबरठा लागल्याचं जाणवतही नाही. मला जाणवतं, कारण मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. कविसंमेलन संपलं की चहा घेताना कुणीतरी कौतुकानं म्हणतं, 'तुमचं मराठी इतकं चांगलं कसं हो?' विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पूर्वी मी हसून वेळ मारून न्यायची. हल्ली खरं उत्तर देते. गिरणी संपामुळे आणि शब्दकोड्यांमुळे.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत पुढारी, आणि कामगार अडीच लाखांच्या घरात. माझे वडील त्यातलेच एक. आम्ही त्यांना अब्बा म्हणायचो. मूळचे सातारा जिल्ह्यातले, गिरणीत साचेखात्यात. शीवला लोकल पकडायची, करी रोडला उतरायचं, भोंगा व्हायच्या आत साच्यावर हजर. बावीस वर्षांचा तो शिरस्ता एका सकाळी थांबला. पहिले दोन महिने त्यांनी रेल्वेचा पास काढला, संप कधीही मिटेल म्हणून. मग तोही बंद केला. मी तेव्हा सहावीत होते, मराठी शाळेत.

पेपर विकत घेणं परवडत नव्हतं. शेजारच्या काकांचा पेपर संध्याकाळी आमच्याकडे यायचा, तोवर त्यातलं शब्दकोडं काकांनी निम्मंअर्धं भरलेलं असायचं, आणि त्यातलं बरंचसं चुकीचं. मग अब्बा माझ्या गणिताच्या चौकटीच्या वहीतलं एक पान घ्यायचे, त्यावर ते कोडं उतरवायचे, काळ्या चौकटी शिसपेन्सिलीनं घोटून भरायचे, आणि आम्ही दोघं जमिनीवर पालथे पडून सोडवायला लागायचो. अम्मी शिवणाच्या मशिनवर लोकांच्या साड्यांना फॉल लावत बसलेली असायची. ती एकदाच म्हणाली, 'कोडं सुटलं की चूल पेटते का हो?' अब्बांनी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ते काम शोधायला बाहेर पडले, हात हलवत परत आले, आणि संध्याकाळी पुन्हा पेन्सिल हातात घेतली. दिवसभरात आपल्या हातून एक तरी गोष्ट पुरी व्हावी असं त्यांना वाटत असणार. हे मला फार उशिरा कळलं.

त्या पालथ्या पडण्यात मी जे शिकले ते आधी सांगते. कोडी सोडवणाऱ्यांना उपयोगी पडेल.

इंग्रजी कोड्यात एका चौकटीत सव्वीसांपैकी एक अक्षर येतं. मराठीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षर, सगळं मिळून एक अक्षर एका चौकटीत बसतं. नुसती व्यंजनं आणि त्यांची बाराखडी धरली तरी चारशेच्या वर अक्षरं होतात, जोडाक्षरं वेगळीच. म्हणजे आडवा आणि उभा शब्द जिथे एकमेकांना छेदतात तिथलं एक अक्षर हाती लागलं, तर इंग्रजी कोडंवाल्यापेक्षा आपल्या हाती कितीतरी जास्त ऐवज येतो. म्हणून अब्बा दोन अक्षरी शब्दांच्या मागे आधी लागत नसत. तो सोपा दिसतो आणि दगा देतो, कारण त्याला उमेदवार फार. चार-पाच अक्षरी शब्दाला जिथे तीन-चार छेद असतात तिथून सुरुवात करायची. त्याचं मधलं एक अक्षर मिळालं की तो आपणहून बोलायला लागतो.

दुसरी खूण व्याकरणाची. सूत्र 'पलायन करणे' असं असेल तर उत्तरही क्रियापदच असणार, आणि शेवटच्या चौकटीत 'णे' आधीच लिहून टाकायचा. आता त्या 'णे'तून खाली उतरणारा शब्द असेल तर? 'ण'नं सुरू होणारा शब्द मराठीत नाही. मग अशा कोपऱ्यात बहुधा दुसऱ्या क्रियापदाची शेपूट येऊन मिळते. एका सूत्रातून दोन शब्दांची टोकं सापडली.

तिसरी खूण मला सर्वांत आवडते. कोडं रचणाऱ्याच्या जागी जाऊन बसा. त्याला असा शब्द हवा असतो की ज्याचं प्रत्येक अक्षर उभ्या शब्दातही सहज खपेल. 'कौटुंबिक' घेतला तर 'कौ'तून आणि 'टुं'तून खाली उतरायला शब्द कुठून आणायचा? म्हणून त्याचा जीव काना-मात्रा नसलेल्या शब्दांवर. कनक, नयन, जलद, वदन, सरस हे बिचारे वर्षानुवर्षं राबताहेत. अडलात की बिनकान्याचा, बिनमात्रेचा शब्द आठवून पाहा. आणि इथे आमच्या घरचं भांडवल कामाला यायचं. हरकत, बरकत, मसलत, गफलत, कदर, नजर, मखमल! अरबी-फारशीतून आलेल्या शब्दांत असे सरळ अक्षरांचे शब्द किती आहेत ते मोजून पाहा. त्यांच्यावाचून मराठी कोडेकाराचं पान हलत नाही. 'फायदा, भरभराट, चार अक्षरं' असं आलं की मी ओरडायची, 'बरकत!' तो शब्द मी अम्मीच्या तोंडून रोज ऐकायची, पिठाच्या डब्यात हात घालताना.

छत्रपती शिवाजी महाराजांनी 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला तो दरबारी फारशी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी. पुढे १९२५ साली माधव जूलियनांनी, म्हणजे माधवराव पटवर्धनांनी, 'फार्शी-मराठी कोश' केला, तो मराठीत रुजलेल्या या शब्दांची मुळं उलगडायला. दोन्ही कामं मोठी. कोडी सोडवणाऱ्यानं दुसरा कोश जवळ ठेवावा, असं मी म्हणेन. माझ्या तोंडी ते जरा पक्षपाती वाटेल, वाटू दे.

शुद्धलेखनाचं मात्र जपून. 'दिन' म्हणजे दिवस, 'दीन' म्हणजे गरीब, आणि आमच्या घरात 'दीन' म्हणजे धर्म. पहिली वेलांटी की दुसरी, हे छेदणारा शब्द ठरवतो. साहित्य महामंडळाचे लेखननियम १९६२ साली आले आणि 'कवि'चा 'कवी' झाला. जुन्या कोशावरून कोडं सोडवणारा तिथे अडतो.

असो. कोड्याच्या चौकटी काही आपल्याकडे जन्मल्या नाहीत. लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या आर्थर विन यांनी न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' या वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत २१ डिसेंबर १९१३ रोजी पहिलं शब्दकोडं छापलं. ते हिऱ्याच्या आकाराचं होतं. १९२४ साली अमेरिकेत कोड्यांचं पहिलं पुस्तक निघालं आणि साथ पसरावी तसा हा नाद पसरला. कोड्यांना नाकं मुरडणाऱ्या लंडनच्या 'टाइम्स'नंही १ फेब्रुवारी १९३० पासून कोडं छापायला घेतलं. हिंदुस्थानात ही कोडी आली, आणि त्यांना लवकरच एक शेपूट फुटलं. बक्षिसाचं.

अब्बांचा एक कडक नियम होता. बक्षीस असलेलं कोडं ते हातात धरत नसत. माझ्या वर्गातल्या मुलींनी एकदा एका साप्ताहिकाचं कूपन भरलं, वर्गणी काढून. मी चार आणे मागितले, म्हणजे पंचवीस पैसे, पण आमच्याकडे चार आणेच म्हणत. अब्बा कधी आवाज चढवत नसत, त्या दिवशी चढवला. कारण मला अम्मीनं नंतर सांगितलं. माझे आजोबाही गिरणीतच होते. पन्नासच्या दशकात चाळीतले पाचसहा जण मिळून एका बक्षिसाच्या कोड्याची कूपनं भरायचे. कोडं इंग्रजीत, यांच्यापैकी कुणाला इंग्रजी येत नव्हतं. चाळीतला एक कारकून भरून द्यायचा आणि त्याचे पैसे वेगळे घ्यायचा. दर आठवड्याला 'थोडक्यात हुकलं' असा निरोप यायचा. आजीच्या पायातले चांदीचे तोडे त्या 'थोडक्यात'मध्ये गेले.

इंग्रजी न येणारा माणूस इंग्रजी कोडं कशाच्या जोरावर भरतो? याचं उत्तर मला पुढे बी.ए. करताना मिळालं, ग्रंथालयात, एका कायद्याच्या पुस्तकात. अभ्यासक्रमाशी त्याचा काही संबंध नव्हता.

त्या बक्षीस-कोड्यांची रचना निराळी असायची. एकेका सूत्राला दोन-दोन उत्तरं तितकीच बरोबर बसायची. मी मराठीत नमुना रचून दाखवते. 'गरिबाला हा सहजासहजी मिळत नाही. दोन अक्षरं, पहिलं मा.' आता 'मान' म्हणा किंवा 'माल' म्हणा. दोन्ही खरं. पण संपादकानं आपलं उत्तर आधीच पाकिटात सील करून ठेवलेलं, आणि तुमचं त्याच्याशी जुळलं तरच बक्षीस. अशी दहा सूत्रं असली तर भरायच्या तऱ्हा होतात १,०२४. वीस असली तर १०,४८,५७६. शब्दकोश पालथा घाला नाहीतर डोळे मिटून भरा, सारखंच. म्हणून तर इंग्रजी न येणाऱ्यालाही त्यात शिरकाव होता.

मुंबई सरकारनं १९४८ साली लॉटऱ्या आणि बक्षीस-स्पर्धांवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा केला. मग काय व्हावं? कोडी राज्याबाहेर छापली जाऊ लागली. आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या कोड्याचं 'स्पोर्टिंग स्टार' हे साप्ताहिक बंगळूरहून निघायचं, पण त्याचा खप मुंबई राज्यात मोठा होता, आणि कूपनं आणि पैसे गोळा करायला इथे एजंट होते. १९५२ साली सरकारनं कायदा दुरुस्त करून बाहेर छापलेल्या पत्रांनाही त्यात ओढलं. प्रकरण न्यायालयात गेलं. मुंबई उच्च न्यायालयात कोडेवाल्यांची सरशी झाली. मग सर्वोच्च न्यायालयानं ९ एप्रिल १९५७ रोजी तो निकाल फिरवला. सरन्यायाधीश सुधिरंजन दास यांच्या पाच जणांच्या पीठात आमच्या साताऱ्यात जन्मलेले न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर होते. ते पुढे १९६४ साली सरन्यायाधीश झाले.

न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं. जिथे यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून नाही ती स्पर्धा जुगारच, आणि जुगाराला व्यापार म्हणून घटनेचं संरक्षण मागता येणार नाही. त्या निकालपत्रात महाभारतातल्या द्यूताचा दाखला आहे, आणि त्याही मागे जाऊन ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्ताचा. त्याला अक्षसूक्त म्हणतात. अक्ष म्हणजे फासा. ते वाचताना मी थबकले. 'अक्ष'पुढे एक बिनकान्याचा 'र' ठेवला की 'अक्षर' होतं! कोड्यांनी लागलेली ही खोड, दुसरं काय. व्युत्पत्तीच्या दृष्टीनं त्याला काही अर्थ नाही, अक्षर म्हणजे न झिजणारं. पण आजीचे तोडे मात्र त्या एका 'र'च्या अंतरावर गेले होते.

त्याच दिवशी त्याच न्यायालयानं दुसराही एक निकाल दिला, आणि तो कोडी सोडवणाऱ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. संसदेनं १९५५ साली बक्षीस-स्पर्धांचा कायदा केला होता. महिन्याला एकूण बक्षीस १,००० रुपयांच्या वर नको आणि एका स्पर्धेत प्रवेशिका २,००० च्या वर नकोत, अशी बंधनं त्यात होती. न्यायालय म्हणालं, ही बंधनं जुगाराच्या जातीच्या स्पर्धांसाठी आहेत, ज्या कोड्यात खरोखर कौशल्य लागतं त्याला ती लागू नाहीत. म्हणजे कायद्यानं कोडं आणि जुगार यांच्यामध्ये शीव आखली. अब्बा सातवी पास होते, हा निकाल त्यांनी वाचलेला असणं शक्य नाही. पण त्या दिवशी आवाज उतरल्यावर ते मला म्हणाले होते, 'ज्याचं उत्तर उद्याच्या पेपरात वाचून पटतं ते कोडं. ज्याचं उत्तर नुसतं मालकाच्या पाकिटात असतं तो मटका.'

मटका हा शब्द गिरणगावात कुणाला समजावून सांगावा लागत नसे. बक्षीस-कोडी आटली आणि साठच्या दशकात मटका फोफावला. सुरुवातीला तर आकडा लागायचा न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या आणि बंद भावावर. दिवसभर कापसाचं सूत, सुताचं कापड करायचं आणि संध्याकाळी कापसाच्याच भावावर पगार लावायचा.

पण याच लालबाग-परळच्या लोकांना दुसऱ्या जातीचं कोडंही चांगलं ठाऊक होतं, छापील कोड्याच्या कितीतरी आधीपासून. कोकणातून आणि देशावरून आलेले कामगार आपापल्या गावचे शाहिरी फड घेऊन आले. कलगी आणि तुरा. तुरेवाले शिवाला थोर मानणारे, कलगीवाले शक्तीला. एका बाजूनं भेदिक कवनातून कूट प्रश्न टाकायचा, दुसऱ्या बाजूनं तो तिथल्या तिथे, तालात, फोडायचा. राजस्थानातल्या तुर्रा-कलंगीवाल्यांची आख्यायिका अशी आहे, की तुकनगीर नावाचा गोसावी आणि शाह अली नावाचा फकीर यांच्यात अशी झुंज लागली आणि चंदेरीच्या राजानं खूश होऊन एकाला तुरा दिला, दुसऱ्याला कलगी. आपल्याकडेही लावणी रचणाऱ्या शाहिरांत जेजुरीचे सगनभाऊ मुसलमान शिकलगार. त्यांना कुणी 'तुमचं मराठी इतकं चांगलं कसं' असं विचारलं असेल असं वाटत नाही. कवनात चूक निघाली असती तर फडावर अब्रू गेली असती, बस.

आणि पंडित कवी काय कमी कोडेबाज होते? मोरोपंतांनी निरोष्ठ रामायण लिहिलं, म्हणजे ओठ न मिटता उच्चारता येणाऱ्या वर्णांचं. प, फ, ब, भ, म वर्ज्य. विचार करा, 'म' वर्ज्य म्हणजे खुद्द 'राम' म्हणायची सोय नाही! माझ्या नानीला अबजद यायचं. अलिफला १, बेला २, अशी अरबी-फारशी अक्षरांना अंकांची किंमत असते, आणि जन्माचं किंवा मृत्यूचं वर्ष बेरजेनं निघेल अशी ओळ रचणं हे शायराचं कसब मानलं जायचं. मुंबईत टॅक्सीच्या मागे ७८६ दिसतो ती 'बिस्मिल्ला'च्या पूर्ण वाक्याची बेरीज आहे.

अंकांची गोष्ट निघाली म्हणून सुडोकूबद्दल दोन शब्द. नाव जपानी असलं तरी हे कोडं अमेरिकेत हॉवर्ड गार्न्स यांनी रचलं, १९७९ मध्ये. १९८४ मध्ये ते जपानी मासिकात गेलं, तिथे त्याचं बारसं झालं, आणि नोव्हेंबर २००४ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये आल्यावर जगभर गेलं. वर्षभरात शीवहून सुटणाऱ्या लोकलमध्येही पेन्सिली दिसायला लागल्या. त्याला एकच सल्ला पुरे. अंदाजानं आकडा भरू नका. एका चौकटीत काय येऊ शकत नाही ते आधी खोडत जा, उरेल ते उत्तर. साप्ताहिकांतल्या 'कुणाचा शर्ट लाल, कोण डॉक्टर' छापाच्या तर्ककोड्यांनाही हेच लागू. नावं उभी लिहा, गोष्टी आडव्या लिहा, आणि नकार मिळाला की फुली मारा. मला स्वतःला सुडोकूत फार वेळ रमता येत नाही. त्यात बरकत नाही.

संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. अब्बा गिरणीत परत गेले नाहीत. ८३ च्या पावसाळ्यानंतर त्यांना एका गोदामात रखवालदाराचं काम मिळालं, आणि मग आमच्याकडे रविवारचा पेपर विकत यायला लागला.

त्यातल्या एका कोड्यात सूत्र होतं, 'कापडातील आडवा धागा, दोन अक्षरं'. अब्बांनी क्षणात लिहिलं, 'बाणा'. छेद जुळेना. पुढच्या रविवारी उत्तर आलं, 'ताणा'. मी त्यांना इतकं बेचैन पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, संपातही नाही. त्यांनी मला पोस्टकार्ड आणायला पाठवलं आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं, की साच्यावर ताणा उभा लागतो, धोटा फेकतो तो आडवा धागा बाणा, आपण बावीस वर्षं साचा चालवला आहे. खाली पूर्ण नाव. अम्मी म्हणाली, 'नाव वाचून कार्ड फेकून देतील.' अब्बा म्हणाले, 'नाव कशाला वाचतील, ताणा वाचतील.'

उत्तर आलं नाही. महिना-सव्वा महिना गेला. एका रविवारी अब्बा पेपर घेऊन दारातच उभे राहिले, चपला तशाच पायात. आडवे शब्द, क्रमांक नऊ. 'अभिमानी वृत्ती, विणकामातील आडवा धागा.' त्यांनी खिशातली पेन्सिल काढली, भिंतीला पेपर टेकवून ती दोन अक्षरं भरली, आणि बाकीचं कोडं त्या दिवशी तसंच ठेवलं.